पाणी, चहा, तवा

तर गिरधरभाऊनं पेटती बिडी सुपडूच्या पायाला लावली आणि सुपडू हललाच नाही, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात आतून भरिताचा वास सुटला आणि ऐकणारे सगळे मला टाकून पाटावर जाऊन बसले. असो. बिडी घोट्याच्या जरा खाली टेकवलेली. सुपडू ट्रकच्या केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढून सीताफळवालीशी भांडत होता. “बाई, हाई बठ्ठा दगड शेत, सीताफळं नही!” इकडे बिडी चामडीवर चुर्रर्र करत विझली, धूर निघाला, आणि हा तिकडे आणखी एक फळ दाबून बघतोय! मी पायरीवर उभा होतो, मी डोळ्यांनी पाहिलं. गिरधरभाऊनं आधी आ वासला आणि मग असा हसत सुटला की त्याच्या डोक्याची टोपी स्टिअरिंगवर पडली.

ज्यांनी काल ऐकलं नाही, त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. मागं जायला मला आवडतंच.

सत्तावन्न साल असेल. आमचे शेठ चंपालाल, पाचोऱ्याचे. रुई-सरकीचा धंदा, आणि जोडीला वाहतूक. लष्कराच्या लिलावातले जुने पेट्रोलवाले ट्रक मोडीत घालून त्यांनी नवी डिझेल गाडी घेतली होती, आणि तिच्या मागं जोडायला एक लांबलचक ट्रेलर. आमच्याकडे यात्रेत भगत बारागाड्या ओढतो, बघितलंय ना? बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, वर माणसं लादायची आणि तो एकटा पुढं. आमची गाडी तशीच ओढायची. फरक एवढाच की भगताच्या अंगात देव येतो आणि गाडीच्या अंगात गरमी.

ही गरमी येते गिअरबॉक्सात. मागं ट्रेलर, वर चढ, आणि गाडी तासन्‌तास खालच्या गिअरमध्ये रडत चाललेली. आतलं तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं, दाते एकमेकांना खायला लागतात. इंजिनाच्या पाण्याला काटा होता, समोर दिसायचा. गिअरबॉक्सला काटाबिटा काही नव्हता. तो पायाखाली, फळीच्या आड. म्हणून आमच्या ड्रायव्हरनं, गिरधरभाऊनं, काय केलं, केबिनमधली ती फळीच काढून टाकली आणि गिअरबॉक्सच्या लोखंडी झाकणावर एका माणसाचा अनवाणी पाय ठेवला. तो माणूस सुपडू. आणि तो पाय म्हणजे आमचा काटा.

सुपडूची बोली तीन शब्दांची. झाकण कोमट असलं की ओरडायचा, “पाणी!” म्हणजे चालू द्या. तापायला लागलं की, “चहा!” मग गिरधरभाऊ एक गिअर खाली घ्यायचा, रेटायचं सोडून द्यायचा, गाडी मुंगीसारखी. आणि पाय टेकवेनासा झाला की, “तवा!” तवा म्हटलं की संपलं. जिथं सपाट दिसेल तिथं गाडी उभी, चाकांमागं मी लाकडी ठोकळे लावायचे, आणि झाकणाचं परत पाणी होईपर्यंत सगळ्यांनी बिड्या ओढत बसायचं. ठोकळेवाला मी. नाव रुपचंद, पण गिरधरभाऊ मला रुप्याच म्हणायचा.

सुपडूच्या आधीची सगळी भावंडं गेलेली. म्हणून हा जन्मल्याबरोबर आईनं त्याला सुपात घालून उकिरड्यावरून ओढला, की यमाला वाटावं कचरा आहे. तेच नाव पडलं. गिरधरभाऊ म्हणायचा, “यमाने नापास करेल माल शे हाऊ. आम्हले चालस.” सुपडूसुद्धा हसायचा. हसेल नाही तर काय करेल? आधी तो पाचोऱ्याच्या स्टेशनावर रुईच्या गाठी वाहायचा. पाठीला कुबड यायच्या बेतात होतं. ट्रकवर आला तेव्हा मालाच्या वर, उन्हात. आणि मग एके दिवशी पाय चालला म्हणून केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, गादीच्या सीटवर! त्याच्या गावावरून गाडी जायची तेव्हा त्याची बायको बेबाबाई दारात येऊन उभी राहायची. गावात जो तो त्याला ‘ए सुपड्या’ म्हणायचा, तो ‘सुपडूभाऊ’ म्हणायला लागला. त्या सीटसाठी तो काहीही करायला तयार होता. हे नीट लक्षात घ्या, कारण त्याच्या आयुष्यात दुसरी कुठली मोठी गोष्ट घडलेली मला माहीत नाही.

आणि तोच पाय मेला.

कसा मेला ते बेबाबाईनं नंतर माझ्या आईला सांगितलं. ती चुलीत वांगी भाजत होती. एक निखारा घरंगळत बाहेर आला. सुपडू तिथंच उभा राहून गाडीच्या गोष्टी सांगत होता, आणि बेबाबाईला चामडं जळाल्याचा वास आला. बघते तर निखारा नवऱ्याच्या पायाखाली! ती किंचाळली. सुपडूनं पाय उचलला, निखाऱ्याकडे पाहिलं, तळव्याकडे पाहिलं. मग तिला पोराबाळांची शपथ घातली, की कोणाला सांगायचं नाही.

पुढं कित्येक खेपा त्यानं नुसत्या आठवणीवर मारल्या. अमुक पिंपळापाशी चहा व्हायचा, म्हणून त्या पिंपळापाशी चहा. अमुक मोरीपाशी तवा, म्हणून तिथं तवा. कधी थोडं लवकर, बहुतेकदा उशिरा, आणि कधी विसरूनच जायचा. पण गिरधरभाऊचा डोळा घारीचा. भर उन्हात झाकण चटचट करतंय आणि हा गाणं म्हणतोय, हे त्यानं हेरलं. म्हणून ती बिडी.

आता तुम्ही म्हणाल, मेलेल्या पायाचा काटा कोण ठेवेल? तसाच सवाल गिरधरभाऊनं केला. “तुन्हा पाय शे का लाकूड? तुले लागनं कसं नही?”

सुपडूचा चेहरा पांढराफटक. पण जीभ चालली. म्हणाला, “भाऊ, वरनी चामडी मरी गयी. इतला दिन झाकणवर ठेवी ठेवी. आते गरमी डायरेक हाडले कळस.”

गिरधरभाऊनं डोकं खाजवलं. आणि त्याला ते पटलं! पटायला कारण होतं. अलीकडच्या खेपा लवकर होत होत्या, थांबे कमी, शेठ खूश. गिरधरभाऊनं हिशेब लावला की आधीचा पाय नाजूक होता, उगाच बोंबलायचा. आता पक्का झाला. मडकं जसं भट्टीत पक्कं होतं तसा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

आणि मग काय मज्जा झाली म्हणता! चाळीसगावच्या स्टेशनाबाहेर चहाचं एक दुकान होतं, सगळ्या ड्रायव्हर लोकांचा अड्डा. गिरधरभाऊ सुपडूला बाकावर बसवायचा, पाय पुढं करायला लावायचा आणि परगावच्या ड्रायव्हरांना म्हणायचा, “लावा पैज चहाची. हाऊ गडी हूं की चूं करस का, देखा.” कोणी काडी ओढून लावायचं, कोणी पिन टोचायचं. एकानं तर उकळत्या किटलीचं बूड टेकवलं. सुपडू समोरच्या भिंतीवरच्या दंतमंजनाच्या पाटीकडे बघत बसायचा. त्याला खरं तर ओरडायचं असायचं, म्हणजे पाय जिवंत आहे असं तरी दिसलं असतं. पण नेमकं कधी ओरडायचं तेच त्याला कळायचं नाही! एकदा कोणी काही लावलेलंच नसताना “आई गं” म्हणाला. अख्खं दुकान पोट धरून हसलं. चहा मात्र फुकट, दोघांनाही.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एके सकाळी बाकाच्या टोकाला सरकारी दवाखान्यातला एक कंपाउंडर बसला होता. तो हसला नाही. त्यानं वाकून पाय पाहिला. घोट्यापासून वर एक फिकट चट्टा गेला होता, तो बोटानं न शिवता दाखवला आणि म्हणाला, “हा महारोग आहे. याचा कप वेगळा ठेवा.”

पुढचं ऐका. दुकानदारानं सुपडूच्या हातातला कप घेतला नाही, त्यालाच बाहेर नेऊन फोडायला लावला. गिरधरभाऊ पळत गाडीकडे गेला आणि डिझेलनं कोपरापर्यंत हात धुतले. मग आठवण झाली म्हणून तोंडही धुतलं, आणि डोळ्यांत डिझेल जाऊन बोंबलत सुटला. ज्यांनी काड्या लावल्या होत्या ते आपापली बोटं धोतराला पुसत होते. रोगावरच्या गोळ्या म्हणे कुठं मुंबईकडे निघाल्या होत्या. पाचोऱ्यापर्यंत काही आल्या नव्हत्या.

गिरधरभाऊ त्याला तिथंच उतरवणार होता. गिरधरभाऊच्या बहिणीचा नवरा निंबा कधीपासून त्या सीटवर टपलेला. पण अडचण अशी की दुसऱ्या दिवशी मोठा माल होता. शेठचे मेहुणे सुभाषचंद, त्यांनी घाटावर कन्नडला कापसाचं नवं जिनिंग काढलं होतं. त्याचा बॉयलर रेल्वेनं चाळीसगावला येऊन पडला होता आणि तो आमच्या ट्रेलरवरून कन्नडचा घाट चढायचा होता. तितकं वजन आम्ही कधी ओढलं नव्हतं. आणि निंबाच्या पायाला तीन शब्दांतला एकही येत नव्हता.

सुपडू शेठच्या पेढीवर गेला. आत नाही, गटारीच्या पलीकडे उभा राहिला. चंपालाल शेठ माणूस वाईट नव्हता बरं का. सकाळी मुंग्यांना पीठ घालायचा, पाणी गाळून प्यायचा. त्यानं सुपडूचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “हे बघ सुपडू, बॉयलरच्या पूजेचा मुहूर्त उद्या दुपारचा आहे. तो चुकला तर पुढचा लवकर नाही. न थांबता घाट चढवलात आणि मुहूर्त गाठला, तर सीट तुझी. मला काय, मी कुठं तुझ्याशेजारी बसतो? पण थांबत थांबत नेलीत, तर निंबा बसेल.”

सुपडूनं गटारीपलीकडूनच जमिनीला डोकं टेकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. बॉयलर कसला, आडवा पडलेला हत्तीच. साखळदंड आवळून आवळून माझ्या तळहाताची सालं निघाली. केबिनमध्ये गिरधरभाऊ, मध्ये सुपडू, आणि काम बघून घ्यावं म्हणून निंबाही. निंबा आत बसेना. पायरीवर उभा राहून दाराला लटकला, तोंडावर उपरणं. गिरधरभाऊनं आपल्या आणि सुपडूच्या मध्ये गोणपाटाची घडी ठेवली होती. सुपडूला तहान लागली तर निंबा खिडकीतून पाण्याची धार सोडायचा, अर्धी ओंजळीत, अर्धी मांडीवर.

पायथ्याला गिरधरभाऊनं विचारलं, “काय शे?”

“पाणी,” सुपडू म्हणाला.

घाट लागला. गाडी इतकी हळू की मी उतरून ट्रेलरच्या बाजूनं ठोकळा खांद्यावर घेऊन चालत होतो आणि तरी मला थांबून वाट बघावी लागत होती. पहिलं वळण गेलं. “काय शे?” “पाणी.” दुसरं गेलं. जिथं रिकामा ट्रेलर असताना चहा व्हायचा, ती जागा मागं पडली. “पाणी.” जिथं नेहमी तवा व्हायचा, तिथं एक सपाट जागा होती, वडाची सावली, आम्ही तिथं दरवेळी भाकरी सोडायचो. “पाणी,” सुपडू म्हणाला, आणि वड मागं गेला.

मला रस्त्यावर काळे थेंब दिसले. गरम तेल, धुळीत पडून त्याच्या गोळ्या होत होत्या. मी पळत पुढं गेलो आणि ओरडलो, “गिरधरभाऊ, तेल गळतंय!”

गिरधरभाऊनं नाक वर केलं. “वास तं येस रे. सुपडू?”

“तो समोरून उतरी गया ना ट्रक, त्याना ब्रेकना वास. आपलं पाणीच शे भाऊ.”

निंबाला काही ते पटलं नाही. म्हणाला, “मी देखस हात लाईसन,” आणि खिडकीतून आत वाकून त्यानं हात झाकणाकडे नेला. गिरधरभाऊनं स्टिअरिंग एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं निंबाच्या मनगटावर असा फटका दिला की निंबा पायरीवरून पडता पडता वाचला.

“येडा व्हयना का तू? त्याना पाय लागेल लोखंड शे ते! घर तुन्हं लेकरू दूध पिस अजून!”

निंबानं हात मागं घेतला, उपरण्याला पुसला, लागलेला नसतानाही. झालं. एक बोट टेकवायचं काम होतं. एका बोटानं बॉयलर वाचला असता. पण ते झाकण तिघांच्या मध्ये उघडं असून कोणी त्याला शिवणार नव्हतं, आणि ज्याचा पाय त्याच्यावर होता तो म्हणत होता पाणी.

शेवटच्या वळणाच्या अलीकडे, जिथून वरचा नाका दिसतो, तिथं आवाज झाला. मी तोफ ऐकलेली नाही, पण अशीच असणार. गिअर सुटला, गाडी क्षणभर लटकली आणि मग मागं यायला लागली. गिरधरभाऊ ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा. बॉयलर कुठला ऐकतो? मी ठोकळा चाकाखाली टाकला, तो काडेपेटीसारखा चिरडला. निंबानं उडी मारली. ट्रेलर वाकडा होऊन दरीकडे गेला, साखळदंड तुटले, बॉयलर कठडा घेऊन खाली. किती वेळ घरंगळत होता! एकेका खडकावर आपटून घंटेसारखा वाजत होता, आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. वजन सुटल्यावर ट्रक उलट्या बाजूला फेकला गेला आणि ड्रायव्हरच्या अंगानं डोंगराला घासून थांबला.

गिरधरभाऊचा गुडघा दार आणि खडक यांच्यामध्ये. दुसऱ्या बाजूनं त्याला ओढून काढायला हवं होतं, आणि त्या बाजूला होता सुपडू. त्याला खरचटलंही नव्हतं. त्यानं दोन्ही हात गिरधरभाऊच्या काखेत घालायला पुढं केले.

“हात नको लावू माले!” गिरधरभाऊ किंचाळला. “रुप्या! अरे निंबा! हाऊ माले हात लाई राहिना!”

रक्ताची धार लागलेली आणि हा त्या हातांना लाथ मारायला बघतोय. सुपडूनं हात मागं घेतले. आता त्यानं बाजूला व्हायला हवं होतं, तेव्हा आम्हाला आत जाता आलं असतं. पण त्याला उठता येईना. त्यानं खाली पाहिलं. तळवा झाकणाला चिकटला होता. माझ्याकडे पाहिलं, निंबाकडे पाहिलं. आम्ही कोणी हललो नाही. मग त्यानं स्वतःच दोन्ही हातांनी पोटरी धरली आणि पाय उपटला, जसा चिकटलेला पापड तव्यावरून उपटतात. चामडी झाकणावरच राहिली, बोटांसकट ठसा, लग्नातल्या नवरीच्या पावलासारखा.  उतरला आणि त्याच पायानं चालत जाऊन कठड्याच्या उरलेल्या दगडावर बसला. त्यानंतर आम्ही गोणपाट टाकलं, चांगलं दुहेरी करून, आणि त्यावरून आत शिरून गिरधरभाऊला काढलं. त्याचा पाय पुढं धुळ्याच्या दवाखान्यात गुडघ्यातून कापला.

वरून जीप आली. चंपालाल शेठ मुहूर्तासाठी आधीच कन्नडला जाऊन बसले होते. कपाळाला गंध, गळ्यात बॉयलरला घालायचा हार, कोणी तरी घाईत त्यांच्याच गळ्यात अडकवलेला. ते दरीच्या काठावर गेले, खाली पाहिलं, परत आले. घाटातले गाडीवान, रस्त्यावरचे मजूर, सगळे गोळा झाले होते. सुपडूभोवती मोकळं रिंगण.

“पाणी म्हणे!” गिरधरभाऊ जमिनीवर पडून ओरडत होता. “शेवटलोंग पाणीच म्हणे हाऊ महारोग्या!”

शेठनं हात वर करून त्याला गप्प केलं. मी सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. ते त्या रिंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “त्याला कशाला बोलता? पाय मेलेला. त्याला काय कळणार होतं? का रे सुपडू, तुला काहीच कळलं नाही ना?”

सोडवण्यासाठीच विचारलं होतं. नुसती मान हलवली असती तरी सुटला असता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. सुपडूनं तळव्याला चिकटलेला खडा नखानं काढला, शेठच्या गळ्यातल्या हाराकडे पाहिलं आणि म्हणाला:

“शेठ, पायले नही कळनं, पन माले कळनं व्हतं. गाडी थांबती, तं मन्ही जागावर निंबा बसता. आते कोनीच बसाव नही.”